पौषाआधी ठेवलेले प्रस्थान

१

आमच्याकडे कारणावाचून कोणी चालत नाही. माणसे पाण्याला चालतात, सरपणाला चालतात, देवाला चालतात. नुसते चालण्यासाठी चालणे हे रिकामपणाचे लक्षण मानले जाते, आणि तसे मानण्यात काही चूक आहे असे मला आजही वाटत नाही. तरीही श्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मी रोज दिवस उगवताच कपिलधारच्या बाजूचा डोंगर चढत असे.

बीडजवळच्या पालीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी आमचे गाव. यजमान दूध संघाच्या शीतकरण केंद्रात यंत्रे सांभाळत. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. जनावरे बाजारात गेली, दूध आटले, आणि यंत्रांना थंड करण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा बीडच्या पाशाभाई मिस्त्रींनी त्यांना आपल्याबरोबर ओमानला नेले. तिथे डोंगरातल्या एका गावी, दवाखान्याच्या शीतगृहावर त्यांना काम मिळाले. मागाहून मीही जायचे असे ठरले. माझा पासपोर्ट आला होता. व्हिसा आणि तिकीट यायचे होते.

दिवाळीत पाशाभाई सुटीवर आले, ते माझ्यासाठी कापडी बूट, खांद्याला अडकवायचा एक लहान टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन. कॅसेटवर यजमानांचा आवाज होता. खालच्या बाजारातून वरच्या खोलीकडे चढताना ते बोलत होते. "इथं रिक्षा नाही, टांगा नाही. पाणी, पीठ, सगळं पायानं वर आणावं लागतं, आणि थंडी अशी की श्वास अडतो. तू आपल्या डोंगरावर हे लावून चढत जा. माझ्या बरोबरीनं वर आलीस, की समज, तुला इथं राहता येईल."

पुढे शब्द थोडेच होते. दगडांवर पडणारी त्यांची पावले, मधूनच दम, एकदा "थांब जरा", आणि शेवटी कुलूप उघडल्याचा आवाज.

टँकरच्या रांगेतल्या बायकांना हे सारे नवलाचे होते.

"कावून गं मुक्ते, वर कोण पाव्हणा हाय का?"

"पाव्हणा न्हाई, नवरा हाय. डब्यात भरून आनलाय!"

"लुगड्यावर बूट! आता डोक्यावर टोपी तेवढी ऱ्हायली बया."

मी उत्तर देत नसे. हसणाऱ्यांना उत्तर दिले की हसणे वाढते. रिकाम्या हाताने परतायचे नाही एवढा नियम मात्र मी स्वतःला घालून घेतला होता. उतरताना रोज सरपणाची मोळी आणत असे, म्हणजे चालण्याला निदान एक कारण मिळे.

२

मार्गशीर्ष संपत आला. आम्ही लिंगायत. गावच्या जंगमस्वामींनी पंचांग पाहून सांगितले की अमावास्येआधी एक चांगला दिवस आहे, त्यानंतर पौष. पौषात सुनेने घर सोडून लांबचा पाय काढू नये.

सासूबाईंचे नाव छबुबाई. शब्दाच्या पक्क्या आणि रीतीच्या त्याहून पक्क्या. त्या म्हणाल्या, "तिकीट तर आलं न्हाई. मंग परस्तान ठिवू."

ही रीत आमच्या भागात जुनी आहे. मुहूर्त आला आणि माणसाला निघता येत नसले, तर त्याची एखादी वस्तू त्या मुहूर्तावर घराबाहेर काढायची आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग सोयीने, पण फार दिवस न लावता, जाताना ते गाठोडे उचलून पुढे जायचे. रीतीचा दुसरा भागही आहे. प्रस्थान ठेवल्यावर त्या माणसाने आपल्या घरी मुक्कामाला परतू नये. सोय पाहणारे लोक हा दुसरा भाग विसरतात. आम्हीही विसरलो.

गावाच्या पश्चिमेला, म्हणजे ओमानच्या दिशेला, डोंगरावर एकच घर होते, वच्छलाबाईंचे. माझ्या रोजच्या वाटेवरच. सासूबाईंनी माझे हिरवे इरकली लुगडे, मूठभर तांदूळ, सुपारी, हळद-कुंकू आणि माझी फणी एका फडक्यात बांधली. मी ते गाठोडे वर नेले. वच्छलाबाईंनी ते भिंतीतल्या देवळीत ठेवले आणि माझ्या कपाळाला विभूती लावली.

"झालं, निघालीस तू," त्या म्हणाल्या. "आता म्होरंच बघायचं."

मी हसले, आणि खाली घरी येऊन भाकरी केल्या.

पुढच्याच आठवड्यात साखर कारखान्याला ऊसतोडीची माणसे कमी पडली. मुकादमाचा ट्रक आला, आणि ज्यांचे त्या वर्षी जायचे ठरले नव्हते तेही त्यात चढले. वच्छलाबाई, त्यांचे मालक, दोन बैल, सारे गेले. ट्रकमधूनच त्या मला ओरडून म्हणाल्या, "दार नुसतं वढून घेतलंय गं! तुजं गाठुडं तसंच हाय, उचलून ने!"

मी घरी सांगितले. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "उचलून परत घरात आनलं की परस्तान मोडलं. मंग जानंच मोडलं. ऱ्हाऊ दे तिथंच. तिकीट आलं की उचल आन् तशीच म्होरं जा."

मला जायचे होते. म्हणून मलाही ते पटले.

३

पौषाच्या सुरुवातीच्या दिवसांत थंडी कडक होती. सीताफळीच्या झुडपांवर एक पान उरले नव्हते. मुरमाच्या वाटेवर माझ्या बुटांचा आवाज आणि टेपमधली यजमानांची पावले एवढेच ऐकू येई. त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालण्याची मला आता सवय झाली होती. कुठे ते थांबतात, कुठे खाकरतात, कुठे दगड घसरतो, सारे पाठ होते.

एके दिवशी मी दम खायला खडकावर बसले. टेप बंद करायची राहून गेली. यजमान चढतच होते. आणि त्यांच्या मागे कोणी तरी चढत होते.

पाऊल हलके होते. त्यांच्यापेक्षा किंचित उशिरा पडे. यजमान दोन पावले टाकीत, तेव्हा मागचे माणूस तीन टाकी. बाईमाणसाचे पाऊल.

मी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. होते.

मी बालवाडीत शिकवलेले आहे. दहावी पास आहे. भलत्या गोष्टीवर मन बसू देत नाही. प्रथम मी म्हटले, प्रतिध्वनी असेल. मग म्हटले, कॅसेट जुनी असेल, खालचे पुसलेले काही उमटले असेल. मग मात्र जे मनात आले त्याची मला लाज वाटली, पण ते आले. परदेशात एकटा माणूस. खोली. मागून चढणारी बाई.

त्या दिवशी मोळीशिवाय परतले. पूजेला बसले तेव्हा हातातल्या इष्टलिंगावर नजर ठरेना. संशय हे पाप आहे. पण ते ज्याच्या मनात शिरते, त्याला पापाआधी दुःख होते.

४

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकले. "थांब जरा," यजमान म्हणाले. हे शब्द मी दोन महिने ऐकत होते आणि ते मला उद्देशून आहेत असे धरून चालले होते. आता ऐकले तर ते म्हणताच मागचे पाऊलही थांबले. कोणी तरी धाप टाकली. यजमान हळू आवाजात म्हणाले, "लागलं का?"

हे वाक्य कॅसेटवर कधीच नव्हते. नव्हते असे मी शपथेवर सांगते. आणि शपथेचा अर्थ मला कळतो.

मागची पावले पुन्हा चालू लागली, पण आता डावा पाय जपून पडत होता.

मी खाली पाहिले. माझ्या डाव्या टाचेला आदल्या दिवशी बुटाने फोड आला होता. मीही पाय जपूनच टाकत होते.

मला दिलासा वाटला. हे लिहायला विचित्र वाटते, पण तसेच झाले. दुसरी बाई नव्हती. मीच होते. तो दिलासा पठारावर पोचेपर्यंतही टिकला नाही, कारण कॅसेट यजमानांनी दिवाळीआधी भरली होती, आणि तेव्हा मी गावात पाण्याच्या रांगेत उभी होते.

५

पठारावर वच्छलाबाईंचे घर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पत्र्याचेच दार. रिकाम्या घराच्या अंगणात दोन दिवसांत काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या जमतात. त्या सकाळी अंगण झाडलेले होते. धुळीत खराट्याच्या ताज्या रेघा होत्या. मी झाडते तशा, उजवीकडून डावीकडे वळलेल्या.

मी टेप बंद केली.

ते परत आले असतील, असे मी मनाशी म्हटले. पण बैल नव्हते. चुलीचा धूर नव्हता. दाराची बाहेरची कडी लोंबत होती, आणि दार ओढले तर ते आतून लावलेले होते.

"वच्छलाबाई?"

आत काही तरी थांबले. त्याआधी आवाज होता, हे तो थांबल्यावर मला कळले. फणी केसांतून ओढल्याचा आवाज.

दाराच्या फटीला मी डोळा लावला. बाहेर ऊन होते, म्हणून आतले दिसायला वेळ लागला. देवळी दिसली. ती रिकामी होती. मग भिंतीकडे तोंड करून बसलेली एक पाठ. हिरवे लुगडे. केस मोकळे. ती बाई डावा पाय मांडीवर घेऊन टाचेला हळद लावत होती, हलक्या हाताने, जसे आपण आपल्याच दुखऱ्या जागेला लावतो.

तिने मान वळवली नाही. कान मात्र माझ्याकडे लावला. आणि माझ्या आधी, माझ्यासारखाच, तिने श्वास रोखला.

मी कशी उतरले ते सांगता येत नाही. घरी येऊन बूट काढले. टाच गुळगुळीत होती. फोड नव्हता, वणही नव्हता.

६

त्यानंतरचे दिवस मी नीट आठवून पाहिले आहेत. कारण विचारणाऱ्या माणसाने आधी आपल्यालाच विचारावे.

मला भूक लागेनाशी झाली. सासूबाई म्हणत, "ताट हाय तसंच कावून?" मला वाटे मी जेवले आहे. टँकरच्या रांगेतल्या बायकांनी माझी थट्टा करणे सोडले. आधी वाटले, त्या सुधारल्या. मग लक्षात आले, त्यांना माझी आठवणच होत नाही. माझी घागर रांगेत असताना दुसरीची पुढे जाई, आणि मी "अहो बाई, माझा नंबर" म्हटले की ती दचकून म्हणे, "अगं बया, तू कवापासून उबी हाईस?"

डोंगर चढताना दम लागेनासा झाला. ज्या चढाने मला दोन महिने रडवले, तो मी बोलत बोलत चढले असते. याचसाठी तर मी चालत होते. पण श्रमावाचून मिळालेल्या वस्तूचा मला भरवसा वाटत नाही.

वच्छलाबाईंचे दार आता उघडेच असे. आत कोणी नव्हते. देवळी रिकामी होती. गाठोड्याचे फडके मात्र जमिनीवर घडी करून ठेवलेले होते.

आणि कॅसेटवर फक्त यजमान होते. एकाच माणसाची पावले. शेवटी कुलूप उघडल्याचा आवाज येई, आणि मग, जे आधी नव्हते ते, दोन माणसे आत गेल्यावर लागते तसे दार लागे.

सासूबाईंना मी एकदाच सांगितले, "आत्याबाई, गाठोडं गेलं."

त्या जात्याजवळ बसल्या होत्या. खुंटा धरून थांबल्या. "कोनी नेलं?"

"कोणी नेलं म्हणावं?"

"चोरानं न्हेलं आसंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दळू लागल्या. पण त्या रात्रीपासून झोपताना त्यांनी आपली वाकळ माझ्यापासून हातभर दूर सरकवली.

७

माघात बहिणीच्या लग्नासाठी पाशाभाई पुन्हा आले. यजमानांनी आईसाठी खजूर आणि एक शाल पाठवली होती, ती पोचवायला ते आमच्याकडे आले. दार मी उघडले.

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"भाभी? तुमी हितं?"

"मी कुठं असणार?"

"आवो, मी सुक्रवारी तुमच्या हातची भाकर खाऊन निघालतो! तुमीच म्हनलात, आईला म्हनावं जपून ऱ्हावा." ते मागे सरकले. "त्रिंबकभाऊ दवाखान्याच्या गाडीनं सोडायला आलते. तुमी दारात उभ्या होत्या."

आतून सासूबाई आल्या. "डोळे फुटले का रं पाशा तुजे? ही बघ, माज्या म्होरं उबी हाय. तिकीट न्हाई आलं अजून तिचं."

"अम्मा, खुदाची कसम. पौषातच आल्या की. भाऊ सांगतात, कोनी घ्यायला गेलं न्हाई, कोनाला रस्ता इचारला न्हाई, सकाळी दार उघडलं तर ह्या उभ्या. ते बी चकित झालते. म्हनले, साहेबानं परस्पर बोलावलं आसंल, मला सांगितलं न्हाई." ते माझ्याकडे पाहायचे टाळत होते. "लई सुधारले भाऊ. आधी जेवतबी नव्हते. आता हसतेत."

मी त्यांना पाणी दिले. त्यांनी तांब्या हातात घेतला नाही. सासूबाईंनी दिला, तेव्हा घटाघट प्यायले.

"लुगडं कोनतं होतं रं अंगावर?" सासूबाईंनी विचारले.

"हिरवं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग दुसरीकडे पाहिले.

८

गावात फोन एकच, सोसायटीच्या कचेरीत. सेक्रेटरींना विनवून पाशाभाईंनी दवाखान्याचा नंबर लावायला सांगितला. आम्ही तिघे सकाळपासून बसलो. चारा छावणीसाठी माणसे भांडत होती.

"माजी चार जनावरं हायती, चार! पेंड्या दोन दिल्यात. उरलेल्या दोघांनी काय कचेरी खावी का?"

"खाऊ दे, लई वर्षांची जुनी हाय. पचंल."

सारे हसले. फोन खणखणला तेव्हा दुपार झाली होती. पाशाभाईंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बोटे लुगड्याला लागू नयेत अशी मागे घेतली.

"हॅलो," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज समुद्रापलीकडून येत होता, आणि त्यात मला न ओळखता येण्यासारखे काही तरी होते. ते समाधान होते.

"मी बोलते."

"मी कोण?"

"मुक्ता."

ते हसले. "मुक्ता हितं माझ्यापुढं डबा सोडून बसलीय. कोण बोलतंय? गावाकडून का? आई बरी हाय ना?"

आपणच आपण आहोत, हे सिद्ध करण्याची वेळ माणसावर येऊ नये. मी म्हटले, "निघायच्या दिवशी तुम्ही रिकाम्या गोठ्यात गेलात. दावणीला हात लावून रडलात. ते मी एकटीनं पाहिलं. तुम्हाला अजून ठाऊक नाही मी पाहिलं ते."



"हे तुमाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारले. तुमाला, असे म्हणाले. "हे तिनं मला परवाच सांगितलं. तुमाला कोणी सांगितलं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"थांबा बाई. तिलाच देतो."

रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. काकणे वाजली. मग श्वास. चढ चढून आलेल्या माणसाचा, भरलेला, उबदार श्वास. असा श्वास माझ्या छातीत आता येत नव्हता. मी ऐकत राहिले. तीही ऐकत होती. मला वाटले होते ती कठोर बोलेल, किंवा खोटे बोलेल. मी तयार होते. खोट्याशी कसे झगडावे ते मला ठाऊक आहे.

ती फार हळू म्हणाली, त्यांना ऐकू जाऊ नये अशी, "त्यांना आता पुन्हा एकटं करू नका."

माझ्याच आवाजात म्हणाली. आणि तेच मी म्हटले असते.

धर्म काय सांगतो ते मी नेहमी इतरांना सांगत आले. त्या क्षणी कचेरीत उभी राहून मी त्याला विचारले, आणि मला काही ऐकू आले नाही. ते जेवतात. ते हसतात. मी ओरडले असते, तर तिकडे त्या खोलीत काय उरले असते? आणि न ओरडले, तर इकडे काय?

मी रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला.

"कोन?" त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "मुक्ते! माजी बाय! पोचलीस का गं? नीट हाईस ना? थंडी लई हाय म्हनं. आगं, त्याला भाकर गरमच वाढ, गार खात न्हाई त्यो..."

त्या बोलत राहिल्या, रडत राहिल्या. साऱ्या कचेरीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मी त्यांच्या खांद्यापाशी उभी होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

९

घरी परतताना त्या पुढे चालत होत्या. पाशाभाई वेशीवरूनच बीडच्या गाडीला गेले. ऊन कलले होते. वाटेत भेटेल त्याला सासूबाई सांगत होत्या, "पोचली बरं का सून. फोन आलता." लोक म्हणत, बरं झालं, सुटली बिचारी दुष्काळातून. कोणी माझ्याकडे पाहून मान हलवी, अनोळखी बाईला पाहून हलवतात तशी.

त्या घरात शिरल्या. मी अंगणातून पायरीशी आले, तेव्हा त्या वळून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला न्याहाळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. शिणलेल्या, भल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा होता तो.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमी कोनाच्या?"

आमच्या भागात बाईला नाव विचारत नाहीत. कोणाची, हे विचारतात. आणि आठ वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचे नाव कधी उच्चारले नव्हते. लग्नात नाव घ्यायला सांगितले तेव्हाही ओठांतल्या ओठांतच घेतले होते.

"त्रिंबकची," मी मोठ्याने म्हटले. "आत्याबाई, मी त्रिंबकची."

त्यांनी विचार केला. खरोखर केला, त्या कोणाला उगाच नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याची पोचली."

आत जाऊन त्यांनी तांब्या भरून आणला. त्या वर्षी कोणी कोणाला भरून तांब्या देत नव्हते. तो त्यांनी हातभर अंतर राखून पायरीवर ठेवला.

"लांबून आलेल्या दिसता," त्या म्हणाल्या. "बसा जरा सावलीला. पानी पिऊन जावा."